बाजूने, विरोधात, गैरहजर

बावीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवून झाल्यावर बाईंनी खासदारांच्या कार्यालयात नोकरी धरली. शाळेच्या एका समारंभात त्यांचं आभाराचं भाषण ऐकून खासदार स्वतःच म्हणाले होते, "बाई, तुमची वाक्यं सरळ चालत जातात. माझी वाटेत बसकण मारतात. या माझ्याकडे."

कार्यालय म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत भेटायला आलेल्या लोकांसाठी बाकं, दुसरीत बाईंचं टेबल. दर तीन महिन्यांनी मतदारसंघात घरोघर जाणारी चार पानी पत्रिका तिथे लिहिली जायची. राजधानीतून खासदारांच्या भाषणांची टिपणं यायची, ती गाळून-चाळून बाई मजकूर करायच्या. 'लक्ष वेधलं', 'पाठपुरावा केला', 'आवाज उठवला' ही त्यांची नेहमीची क्रियापदं. या क्रियापदांचं एक बरं असतं. पुढे काय झालं, असं कोणी विचारत नाही.

त्यांचा धाकटा भाऊ कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. वडील लवकर गेले, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बाईंनीच त्याला वाढवलं. पत्रिका निघाली की तो पन्नास प्रती कारखान्यात न्यायचा आणि कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचून झालं की ठरलेलं वाक्य, "माझ्या ताईने लिहिलंय. शब्द इकडचा तिकडे नसतो तिचा."

मागच्या वर्षी बॉयलरची वाफ फुटून त्याच्या पाळीतल्या जोडीदाराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्यानंतर संसदेत बॉयलर सुरक्षेचं विधेयक आलं. दरवर्षी बाहेरच्या निरीक्षकाकडून तपासणी व्हावी आणि आठ तासांपेक्षा जास्त कुणाला बॉयलरवर ठेवू नये, एवढंच त्यात होतं. खासदारांनी त्यावर चार मिनिटांचं भाषण केलं. भाषण चांगलं होतं. टिपण वाचताना बाईंच्या अंगावर काटा आला होता. त्यांनी पहिल्या पानावर मथळा दिला, 'बॉयलर कामगारांसाठी संसदेत आवाज उठवला'. विधेयक पडलं, पण भावाने ती पत्रिका जपून ठेवली आणि निवडणुकीत तीच हातात घेऊन कामगारांच्या वस्तीत दारोदार फिरला.

निवडणुकीनंतर चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, तो बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला.

"आत ये की."

"नको. हे वाच." त्याने चौघडी केलेला कागद पुढे केला. "गेटवर चिकटवलाय कोणीतरी. मी एक काढून आणला."

कागदावर खासदारांची गेल्या पाच वर्षांतली एकतीस मतं होती. विधेयकाचं नाव, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द. बाजूने, विरोधात किंवा गैरहजर. कागद बनवणाऱ्याने स्वतःचं मत कुठेच घातलं नव्हतं. सतराव्या ओळीवर भावाच्या बोटाची काळी खूण होती. बॉयलर सुरक्षा विधेयक, विरोधात.

"तुला ठाऊक होतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"विचारलं होतंस?"

बाईंनी कागदाची पुन्हा घडी घातली.

"ताई, ज्याचा हात भाजला ना, त्याच्या घरी जाऊन मी वाचून दाखवलंय तुझं ते वाक्य. त्याच्या बायकोने चहा केला होता मला. आता तो पाळीत माझ्याशेजारी उभा असतो आणि एक शब्द बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." तो जिन्याकडे वळला. "यापुढे पत्रिका पाठवू नकोस."

यादीत चूक असेल अशी बाईंना वेडी आशा होती. चौकशी करत दुसऱ्या दिवशी त्या यादी करणाऱ्या आजींच्या घरी पोचल्या. आजी संसदेत छत्तीस वर्षं लघुलेखिका होत्या. आता गुडघे गेले होते, पण बोटं शाबूत होती. बोलता बोलताही मांडीवर काहीतरी टिपत असायची. घरात जमिनीपासून छतापर्यंत संसदेच्या कामकाजाचे छापील खंड होते.

"बसा. मला वाटलंच होतं, कोणीतरी येईल. तुम्ही याल असं वाटलं नव्हतं," आजी म्हणाल्या आणि सतरावं मत असलेला खंड काढून पुढ्यात ठेवला.

चूक नव्हती. भाषण पान दोनशे चाळीसवर होतं, मत दोनशे बावन्नवर. मध्ये बारा पानं.

"बारा पानांत माणूस एवढा बदलतो?" बाईंनी विचारलं.

"बदलायला एक पानही पुरतं. मी समोर बसून पाहिलंय. पण ते का बदलले, हे यात नाही. यात फक्त काय केलं ते असतं. 'का' सांगायचं काम तुमच्यासारख्यांचं." आजींनी चष्म्यावरून पाहिलं. "राग मानू नका, पण तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. खरं लिहिलंत आणि मध्येच थांबलात. ते जास्त वाईट. खोटं पकडता तरी येतं."

मग त्यांनी यादीतल्या चोविसाव्या ओळीवर बोट ठेवलं. नागरिक संरक्षण विधेयक, विरोधात. "यावर मला शिव्यांची चार पत्रं आलीत. नागरिकांच्या संरक्षणालाही विरोध करतो हा माणूस, म्हणून. तुम्हाला काय वाटलं वाचून?"

"मलाही तेच वाटलं."

"नाव तसंच ठेवलं होतं. आत वाचा."

आत होतं ते असं, की कोणाचीही पत्रं आणि फोन न्यायालयाला न विचारता तपासण्याचा अधिकार सरकारला मिळावा. विधेयक खासदारांच्याच पक्षाचं होतं. पक्षातल्या फक्त तिघांनी विरोधात मत दिलं होतं, त्यात हे एक. बाईंना आपली पत्रिका आठवली. पत्रिकेत त्यांनी उद्घाटनाच्या फिती, झाडं लावतानाचे फोटो, शाळेला दिलेली कपाटं, सगळं छापलं होतं. याबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण याचं टिपणच कधी आलं नव्हतं.

त्या आठवड्यात बाईंनी नवा अंक तयार केला. त्यात एकतीस मतांचा तक्ता होता, आजींच्या यादीसारखाच, पण शेवटी एक रकाना जास्त होता, 'कारण'. तो कोरा ठेवून त्या खासदारांच्या समोर बसल्या.

खासदारांनी तक्ता पाहिला आणि हसले. माणूस मुळात हसरा, कोणाचं मन मोडवत नसे. "बाई, आवाज उठवला असं लिहिलंत ना तुम्ही? हात वर केला असं कुठे लिहिलंय?"

एरवी या बोलण्यावर बाई हसल्या असत्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "साहेब, तुम्ही कारणं सांगा. मी लिहिते."

बहुधा गंमत म्हणूनच खासदारांनी सुरुवात केली. पहिली पाच-सहा उत्तरं झटपट आली. पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा हुकूम, व्हिप, पुन्हा व्हिप, एकदा पत्नीचं ऑपरेशन होतं म्हणून गैरहजर. एका गैरहजेरीला ते थबकले. "त्या दिवशी... फीत कापायला गेलो होतो. फर्निचरचं दुकान." बाईंनी तसंच लिहिलं. मग त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला. नवव्या मताला म्हणाले, "हे आठवत नाही." बाराव्यालाही तेच. बाईंनी दोन्हीकडे 'आठवत नाही' लिहिलं, तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"सतरा," बाई म्हणाल्या.

"मालक भेटायला आले होते. तपासण्या सुरू झाल्या तर कारखाना दुसरीकडे हलवू म्हणाले. सातशे घरं आहेत त्या कारखान्यावर. भाषण करताना भाषण पटलं होतं, मत देताना मालक पटले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं माझं."

"हेच लिहू?"

"लिहिलंत तर मी संपलो."

"आणि चोवीस?"

खासदार एकदम उठले. "ते अजिबात नाही. मत दिलं तेव्हा पक्षाने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं, कारण मी गाजावाजा केला नाही. आता छापलं तर मुद्दाम डिवचल्यासारखं होईल."

"साहेब, वाईट केलं ते लपवायचं, हे समजू शकते. चांगलं केलंत तेही लपवायचं?"

"ठेवून जा कागद," ते म्हणाले. "बघतो."

अंक छापून आला तेव्हा त्यात तक्ता नव्हता. पहिल्या पानावर 'बॉयलर सुरक्षेसाठी सातत्याने पाठपुरावा' असा मथळा होता, आणि तो बाईंनी लिहिलेला नव्हता. तीन ओळींचा राजीनामा टेबलावर ठेवून त्या जिना उतरल्या. दुकानदाराने खालून नेहमीप्रमाणे हात केला, त्यांनीही केला.

दोन दिवसांनी, दुपारी पाळी बदलायच्या वेळेला, त्या खळ आणि ब्रश घेऊन कारखान्याच्या गेटवर गेल्या. आजींच्या यादीशेजारी त्यांनी स्वतःचा कागद चिकटवला. 'बॉयलर कामगारांसाठी संसदेत आवाज उठवला, हे वाक्य मी लिहिलं होतं. भाषण झालं होतं, हे खरं आहे. मत कुठे पडलं हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.' खाली पूर्ण सही. पाळी सुटली. लोक थांबून वाचू लागले. आयुष्यभर बाईंनी दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल खुणा केल्या होत्या. आज सगळा वर्ग त्यांची वही वाचत होता. कान तापले, पण त्या तिथून हलल्या नाहीत. भाऊ गर्दीतून आला, त्याने वाचलं, आणि सायकल घेऊन निघून गेला.

कामगारांनी खासदारांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. येणार नाहीत अशीच सगळ्यांची अटकळ होती. ते आले, एकटेच. कॅन्टीनच्या लांब टेबलाशी उभं राहून त्यांनी कोटाच्या खिशातून बाईंचा तक्ता काढला. मागच्या भिंतीशी आजींसोबत बसलेल्या बाईंना आपलं अक्षर लांबूनही ओळखता आलं.

ते एकेक ओळ वाचत गेले. 'आठवत नाही'ला लोक हसले, फर्निचरच्या दुकानाला हसले नाहीत. सतराव्या ओळीला त्यांनी कागद खाली केला.

"मालकांनी कारखाना हलवायची धमकी दिली आणि मी घाबरलो. तुमच्या नोकऱ्या जातील म्हणून घाबरलो, असं मला तेव्हा वाटत होतं. आता वाटतं, माझी जाईल म्हणून घाबरलो."

कोणी टाळी वाजवली नाही. चारपाच जण उठून गेले. खासदार पुढच्या ओळी वाचत गेले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "आणि नागरिक संरक्षणाच्या विरोधात का?"

तेविसाव्या ओळीनंतर ते थांबलेच होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं. विधेयकाचा मजकूर बाईंना पाठ होता, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. हे वाक्य त्यांनी लिहून द्यायचं नव्हतं.

"नावावर जाऊ नका," खासदार अखेर म्हणाले, आणि विधेयकात काय होतं ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. वाटेत दोनदा अडखळले. "माझ्या आईची पत्रं आमच्या घरी सगळ्यांदेखत फोडली जायची. आजोबा फोडायचे. ती काय लिहायची, मग काय लिहायचं सोडून दिलं तिने, ते मी पाहिलंय. म्हणून विरोधात."

हात भाजलेला माणूस पहिल्या रांगेत होता. त्याने डाव्या हाताने टेबलावर टकटक केलं. "बॉयलरचं पुन्हा आलं तर?"

"बाजूने देईन असं आत्ता म्हणणं सोपं आहे. म्हणून म्हणत नाही. पण जे देईन ते दुसऱ्या दिवशी इथे येऊन सांगेन."

या सभेची बातमी राजधानीत पोचली आणि पक्षाने चोविसाव्या मताबद्दल नोटीस काढली. आठ महिन्यांनी बॉयलरचं विधेयक पुन्हा आलं, तेव्हा व्हिपही पुन्हा आला. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी खासदार खरोखरच कॅन्टीनमध्ये हजर झाले. "गैरहजर राहिलो," ते म्हणाले. "विरोधात द्यायचं नव्हतं. बाजूने द्यायची हिंमत झाली नाही."

"झालं ना पास. सात मतांनी. तुमच्याशिवाय," हात भाजलेला म्हणाला, आणि त्यांना बसायला बाक सरकवून दिलं.

एवढं करून पुढच्या निवडणुकीत पक्षाचं तिकीट गेलंच. ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. कारखान्याच्या वस्तीने त्यांना पाडलं की वाचवायचा प्रयत्न केला, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मत गुप्त असतं, आणि मतदाराकडे कोणी कारण मागत नाही.

बाई आता आजींकडे जातात. यादी दर अधिवेशनानंतर निघते. नव्या खासदारांना त्या प्रत्येक मताचं कारण विचारणारं पत्र पाठवतात. आजवर एकाही पत्राला उत्तर आलेलं नाही, म्हणून तो रकाना कोराच छापला जातो. लोक सगळ्यात जास्त तोच पाहतात.

कायदा झाला त्याच वर्षी बॉयलरची पहिली तपासणी झाली, त्या दिवशी भाऊ आजींच्या घराखाली आला. सायकलवरून न उतरताच त्याने हाक मारली. बाई खिडकीत आल्या.

"निरीक्षक आला होता. दोन झडपा बदलायला लावल्या."

"बरं झालं."

"हं." तो सायकलची घंटी उगाच पुसत राहिला. "निम्मंच काम केलं म्हणायचं तुझ्या त्या खासदाराने. पण ते तरी आपल्या तोंडाने सांगितलं त्याने." मग वर न पाहता म्हणाला, "ताई, जेवायला येतेस का? तुझ्या भावजयीने दोनदा विचारलंय. मी सांगितलं, तिलाच विचारतो."

"आत्ता?"

"मग कधी?"

बाईंनी आजींना आवाज दिला, पदराला हात पुसले आणि जिन्याकडे निघाल्या.