बारा माणसांची नाव

उदाराम ढीवराला दंड झाला तेव्हा सगळं गाव त्याच्या बाजूनं होतं, आणि सगळ्यांत पुढे मी होतो.

चौतीस सालची गोष्ट. वैनगंगेच्या काठी सावरटोला नावाच्या गावात मी शाळामास्तर होतो. गावाखालीच घाट. तिथं उदाराम नाव चालवायचा. त्याच्या आधी त्याचा बाप चालवायचा. सरकारनं त्याच्या नावेच्या फळीवर पांढरी रेघ ओढून दिली होती आणि शेजारी 'आसामी बारा', म्हणजे माणसं बारा, असं लिहिलं होतं. रेघ पाण्याखाली गेली की नाव जादा भरली असं समजायचं.

त्या वर्षी घाटावर गुलाबचंद नावाचा शिपाई नेमला होता. गोंदियाचा, हिंदी बोलणारा, मुळात कमीच बोलणारा माणूस. आषाढातल्या एका बाजाराच्या दिवशी उदारामची नाव काठाला लागली आणि त्यानं उतरणारी माणसं मोजली. चौदा भरली.

"दो आदमी जादा," तो म्हणाला. "चालान होगा."

"दोन बायाच त आहेत जी," उदाराम म्हणाला. "घरी लेकरं वाट पाहून राहिली त्याईची. पल्याड कायले सोडून येऊ?"

गुलाबचंदनं कागद लिहायला घेतला. तेवढ्यात खेमराज पटेलांची नाव आली. पटेल गावचे मालगुजार, सारा वसूल करणारे जमीनदार. त्यांच्या नावेत दोन बैल, धानाची पोती आणि पोत्यांवर बसलेली आठदहा माणसं. नावेचा काठ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर होता. गुलाबचंदनं तिकडे एकदा पाहिलं, मग पाठ फिरवली आणि उदारामचं नाव नीट लिहून पुरं केलं. मी बाजाराची पिशवी घेऊन तिथंच उभा होतो. सगळं डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर उदाराम माझ्याकडे आला.

"गुरुजी, दंड भरीन मी. पन मलेच काऊन? नदी त दोघांईची एकच ना?"

मी तीस वर्षांचा होतो, अन्याय दिसला की हात शिवशिवायचे. मी दौत काढली आणि तहसीलच्या साहेबांना अर्ज लिहिला. गरीब नावाड्याला छळलं जातं, मोठ्यांच्या जादा भरलेल्या नावांकडे कानाडोळा होतो, तरी दंड माफ व्हावा. अर्जात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त खेमराज पटेलांचं नाव मी लिहिलं नाही. शाळा पटेलांच्या कोठाराच्या ओसरीत भरायची आणि माझी खोलीही त्यांचीच होती. नावाची गरज नाही, साहेबाला समजेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पंधरा दिवसांत हुकूम आला. दंड माफ. गुलाबचंदला घाटावरून हलवलं, आणि त्याच्या जागी कोणालाच पाठवलं नाही. उदारामच्या घरून शाळेत गूळ वाटला गेला. पटेलांनीही मला बोलावून सुपारी पुढे केली.

"बेस केलं गुरुजी," ते म्हणाले. "तो शिपाई लयच शहाना होऊन राहिला होता."

सुपारी तोंडात टाकताना मला बरं वाटलं नाही. पण टाकली.

गुलाबचंद गेल्यावर घाटावर माणसं मोजणारं कोणी उरलं नाही. उदारामला लोभ नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्याला नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच. आधी तो काठावरच्यांना सांगायचा, "मी नेलं असतं गा, पन तो शिपाई बसला आहे ना." आता ती सोय राहिली नव्हती. कोणी आर्जव केलं की तो सरकून जागा करायचा. मी घाटावरून जाताना पंधरा मोजली, एकदा सोळा. बोललो नाही. ज्याच्यासाठी अर्ज केला त्यालाच जाऊन काय सांगायचं?

श्रावणातला रविवार होता. मी पलीकडच्या गावी मावशीकडे गेलो होतो, दिवस मावळायला आला तसा परतीला घाटावर आलो. सोमवारी नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला जाणारी माणसं नावेत दाटीवाटीनं बसली होती. भागीरथा नावाची म्हातारी बेलाची टोपली मांडीवर घेऊन होती. आमच्या गावच्या बाबूलालची पोरगी शामकला सासरहून माहेरी निघाली होती; माझ्या शाळेत ती दोन वर्षं शिकली होती. नदी गढूळ होती, चढत होती.

मी नावेच्या बाजूला पाहिलं. पांढरी रेघ कुठंच दिसत नव्हती. मी मोजलं. सोळा.

"मी मागून येतो," असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात उदारामनं हात पुढे केला.

"या ना जी गुरुजी. तुमाले सोडून जाईन का मी? हा आखरीचा फेरा आहे."

शामकलेनं टोपली उचलून भागीरथेच्या पलीकडे ठेवली आणि मला जागा केली. मी बसलो. मी सतरावा.

मध्यावर पोचलो तेव्हा वरून एक झाडाचं खोड वाहत आलं. उदारामनं बांबू रोवून नाव वळवली. एरवी ती सहज वळली असती. त्या दिवशी जड होऊन आडवी झाली, एका बाजूनं पाणी आत आलं, बायका घाबरून दुसऱ्या बाजूला सरकल्या, आणि पुढचं सगळं पाण्यातच झालं.

मला पोहता येत नाही. नाकातोंडात पाणी गेलं, आणि मग कोणीतरी माझी बंडी मानेपाशी घट्ट धरली. तो उदाराम होता. त्यानं मला काठाच्या झुडपांपाशी ओढत नेलं, माझे हात फांदीला लावले आणि पुन्हा पाण्यात गेला. तो दोनदा गेला. बाकीची माणसं पोहून, उलट्या नावेला धरून निघाली. भागीरथा आणि शामकला निघाल्या नाहीत. शामकला तिसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या वाळूत सापडली. भागीरथा सापडलीच नाही.

मी शामकलेच्या अगदी शेजारी बसलो होतो. तिला सोडून त्यानं मला आधी धरलं, हे मला कळत होतं. का, हेही कळत होतं.

चौकशीला साहेब आले. शाळेच्याच ओसरीत टेबल टाकलं. त्यांच्या कारकुनानं जुन्या कागदांतून माझा अर्ज काढला आणि मोठ्यानं वाचला. 'गरीब नावाड्याला छळलं जातं' हे वाक्य आलं तेव्हा समोर शामकलेचा बाप बाबूलाल उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं.

"नावेत किती माणसं होती?" साहेबांनी मला विचारलं.

"सतरा."

"तुम्हाला बसताना ठाऊक होतं?"

"गर्दी होती," मी म्हणालो. "लक्षात आलं नाही."

उदारामनं काहीच नाकारलं नाही. "माझीच चुकी आहे साहेब," एवढंच बोलला. त्याला सहा महिन्यांची सजा झाली. पटेलांची नाव तेव्हाही बैल आणि पोती घेऊन ये-जा करत होती, आणि आता उदारामचे उतारूही तीच नेऊ लागली.

दिवाळीच्या सुटीत मी गोंदियाला गेलो आणि गुलाबचंदला शोधून काढलं. तो गोंदियालगतच्या फुलचूरला एका खोलीत राहत होता. त्यानं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मी माफी मागायला आलो होतो.

"मास्टरजी, आपने झूठ थोडे ही लिखा था," तोच म्हणाला. "पटेल की नाव मैंने छोडी थी. डर के मारे. मेरे भी बालबच्चे हैं."

"मीही त्यांचं नाव लिहिलं नाही," मी म्हणालो. "त्याच कारणानं."

त्यानं माझ्या पेल्यात आणखी पाणी ओतलं.

"एक बात पूछूँ? आपने लिखा, इसका दंड माफ करो. ये क्यों नहीं लिखा, कि उसको भी दंड करो?"

बाहेर त्याची बायको गोवऱ्या रचत होती. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठलो. परतीच्या वाटेवर मला तो अर्ज ओळीनं ओळ पाठ असल्याचं जाणवलं. त्यात एका ओळीची जागा नक्कीच होती.

होळीच्या सुमारास उदाराम सुटून आला. वाळला होता, केस पांढरे झाले होते. नाव त्यानं पुन्हा धरली नाही. बायकोबरोबर तलावावर जाळं टाकायचा आणि मासे विकायचा. मी त्याला टाळत होतो. एकदा बांधावर समोरासमोर गाठ पडली तेव्हा त्यानंच टोपली खाली ठेवली.

"कसे आहा गुरुजी? पानी लय गेलं होतं तुमच्या पोटात. आता तरास नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"तुमी त वाचले, हेच बेस झालं. मले तेवढंच समाधान आहे जी."

मला सांगायचं होतं की बसण्याआधी मी माणसं मोजली होती. मी नुसतं "थांब, उतरव चार जणांना" म्हटलं असतं, तर त्यानं माझं ऐकलं असतं. गावात माझंच तेवढं ऐकलं असतं त्यानं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तो माझ्याकडे इतक्या आपुलकीनं पाहत होता, की मी माशांचा भाव विचारला.

"तुमाले कायचा भाव जी," म्हणत त्यानं टोपलीतले दोन चांगले मासे निवडले आणि पळसाच्या पानात बांधायला बसला.