चौऱ्याऐंशी हप्त्यांची गाडी

मी एक जुनी मोटार आहे. रंग राखाडी, दारे चार, त्यांतले मागचे डावे दार बाहेरून उघडत नाही. सध्या मी तारेचे कुंपण घातलेल्या एका आवारात उभी आहे, माझ्यासारख्याच तीस-चाळीस गाड्यांच्या रांगेत. मित्रांनो, गाडीची गोष्ट म्हटली की तुम्हाला घाट आणि शर्यती आठवत असतील. माझ्या गोष्टीत तसे काही नाही. मी एका भल्या बाईच्या गळ्यात कशी पडले आणि तिने त्यातून मान कशी सोडवून घेतली, तेवढे मी तुम्हाला सांगणार आहे.

माझी पहिली सात वर्षे लाडात गेली. माझे पहिले मालक जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. ते मला दर रविवारी स्वतः धुवायचे आणि माझ्या तेलपाण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी मला जुन्या गाड्यांच्या एका दुकानदाराला विकले. त्या दुकानदाराला त्याची माणसे पाठीमागे गोडबोल्या म्हणत.

गोडबोल्याच्या दुकानात ती आली. ती घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची आणि प्रयोगशाळेत पोचवायची. लोक तिला सुईवाली ताई म्हणत. नवऱ्यापासून वेगळी राहत होती, पदरात नऊ वर्षांची मुलगी होती. तिच्या आधीच्या गाडीचे इंजिन कायमचे बंद पडले होते आणि त्या गाडीचे कर्ज मात्र अजून चालूच होते. सोबत तिचा थोरला भाऊ आला होता. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता. त्याने माझे बॉनेट उघडून, कान लावून इंजिन ऐकले.

"इंजिन चांगलं आहे, चिंगे," तो म्हणाला. "कागदाचं मात्र मला काही कळत नाही."

"सगळं मिळून कितीला पडेल?" ताईने विचारले.

"एकूणचं कशाला डोक्याला लावून घेता ताई?" गोडबोल्या म्हणाला. "महिन्याचं बोला. तुमचं जुनं कर्जही यातच घालून टाकू. दोन हप्त्यांची कटकट नको, एकच हप्ता! चौऱ्याऐंशी महिने, की गाडी तुमची."

दादाने जामीन म्हणून सही केली. कागद माझ्याच बॉनेटवर ठेवले होते. त्याने पेन इतके दाबून धरले होते की टोक मला टोचले.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. भल्या सकाळी आम्ही निघायचो, कारण माणसे उपाशीपोटी तिची वाट बघत बसलेली असायची. नमुन्यांची बर्फपेटी ती मागच्या सीटवर ठेवून तिला पट्टा बांधायची. शाळा नसेल तेव्हा मुलगी पेटीशेजारी बसून गणिते सोडवायची. ताईचा हात इतका हलका, की कित्येकांना सुई गेली कधी ते कळायचे नाही. चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी तर प्रयोगशाळेला बजावून ठेवले होते, की पाठवायची तर हिलाच पाठवा. खाली येऊन ती हे मला सांगायची. म्हणजे स्वतःशीच बोलायची, पण ऐकायला मीच असायचे.

एकोणीस हप्ते तिने वेळच्या वेळी भरले. मग प्रयोगशाळेने दर घरामागचे पैसे कमी केले. पेट्रोल मात्र तिच्याच खिशातून जायचे. त्याच महिन्यात माझा क्लच गेला. मित्रांनो, यात माझा अपराध नव्हता, वय झाले की क्लच जातोच. पण त्या खर्चाने तिचा विसावा हप्ता चुकला. त्यावर दंड बसला, दंडावर व्याज चढले आणि पुढचा हप्ता आणखी मोठा होऊन दारात उभा राहिला.

मला विकून टाकावे म्हणून ती परत गोडबोल्याकडे गेली. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली, टायर पायाने दाबून पाहिले आणि आकडा सांगितला. माझ्यावर जेवढे कर्ज होते, त्याच्या निम्मेसुद्धा माझे मोल नव्हते. मला विकले तरी देणे उरत होते आणि वर कामही जात होते, कारण बर्फपेटी घेऊन तीन बस बदलेपर्यंत नमुने खराब झाले असते. मला ठेवावे तर हप्ता झेपत नव्हता. दुकानाच्या दारात ती बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मागून कोणी तरी हॉर्न वाजवला, तेव्हा निघाली.

नंतर फोन येऊ लागले. ती फोन उलटा ठेवायची, पण थरथर माझ्या सीटला जाणवायची. एका सकाळी कर्ज देणाऱ्या कंपनीची दोन माणसे गाडी ओढायचा ट्रक घेऊन तिच्या इमारतीपाशी आली. आम्ही नुकतेच बाहेर पडलो होतो म्हणून त्यांना सापडलो नाही. त्या दिवसापासून तिने मला घरासमोर लावले नाही. दहा मिनिटांच्या वाटेवर एक बंद पडलेली लाकडाची वखार होती. तिच्या मागे, ताडपत्रीखाली तिने मला दडवले.

ताडपत्रीखालचे ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात. हवा नाही, उजेड नाही. पाऊल वाजले की कोणाचे ते कळायचे नाही. मी लोखंडाची, माझे एवढे काय. पण ती पाय न वाजवता यायची, आधी कोपऱ्यावरून डोकवायची आणि मग ताडपत्री ओढायची. चोरी न करता चोरासारखे वागायची पाळी तिच्यावर आली होती.

शेवटी ती एका वकीलबाईंकडे गेली. वकीलबाईंची कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट बंद होती आणि त्यांचे गुडघे दुखत होते. म्हणून वर न चढता त्या खालीच माझ्यात येऊन बसल्या.

"हीच का ती?" माझ्या डॅशबोर्डकडे बघत त्यांनी विचारले. "दिसायला तर गरीब आहे बिचारी. बोला."

ताई बोलली. जे मलाही कधी सांगितले नव्हते, ते बोलली. आदल्या दिवशी मास्तरांच्या खिडकीतून तिला रस्त्यावर तसलाच एक ट्रक दिसला आणि हात थरथरला. शीर सापडेना. तीनदा टोचावे लागले. मास्तर काही रागावले नाहीत. "आज हात तुमचा नाही, ताई," एवढेच म्हणाले.

"तेवढा हातच आहे हो माझ्याकडे," ताई म्हणाली. "तोही गेला तर? कोणी म्हणालं, नादारी जाहीर केली की सगळं सुटतं. खरं का?"

"सगळं नाही सुटत," वकीलबाई म्हणाल्या. "नादारी म्हणजे कोर्टापुढे कबूल करायचं, की माझ्याजवळ आहे ते एवढं, देणं आहे ते एवढं आणि हे माझ्याच्यानं फिटणार नाही. कोर्टाला पटलं, तर बऱ्याच देण्यातून मोकळीक मिळते. पण गाडी जाईल. पुढे काही वर्षं कोणी कर्ज देणार नाही, घर भाड्यानं देतानाही लोक मागेपुढे बघतील. लाज वाटून घ्यायचं मात्र कारण नाही. बुडणाऱ्यासाठीच केलेला कायदा आहे तो. बरं, जामीन कोण आहे?"

"दादा. माझा भाऊ."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "मग नीट ऐका. नादारी तुम्हाला सोडवेल, त्यांना नाही. तुम्ही बाजूला झालात, की कंपनी त्यांच्या दारात उभी राहणार. त्यांना हे माहीत आहे?"

 ताईने उगाचच माझे वायपर लावले. काच कोरडी होती, पाते करकरत दोनदा फिरले आणि तिने ते बंद केले.

वकीलबाईंनी दिलेला अर्ज तिने माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. पुढचे तीन आठवडे ती रोज तो काढायची. नाव लिहिले, पत्ता लिहिला, मिळकतीच्या रकान्यात स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत सगळे लिहिले. सहीची जागा तेवढी कोरी ठेवली. सही केली तर भाऊ अडकत होता आणि नाही केली तर ती स्वतः. तिसरी वाट तिला दिसत नव्हती आणि मला बोलता येत नव्हते.

त्यातच माझ्या इंजिनाचा पट्टा किंचाळू लागला. गॅरेजला द्यायला पैसे नव्हते. तिने दादाला फोन केला. तो सुट्टीच्या दिवशी अवजारे घेऊन वखारीमागे आला.

"इथे कशाला लावतेस?"

"घरासमोर खोदकाम चाललंय."

"हं," तो म्हणाला आणि पट्टा बदलायला लागला. काम संपल्यावर हात पुसायला फडके शोधताना त्याने डॅशबोर्डचा कप्पा उघडला. ताई "दादा, तिथे नाही" म्हणेपर्यंत अर्ज त्याच्या हातात होता. काळ्या बोटांनी कडा धरून त्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ती माझ्या दाराला टेकून उभी होती. 

"सही का नाही केलीस?" त्याने विचारले.

"तुझ्यावर येईल म्हणून."

"आलंच आहे की." तो माझ्या उघड्या दारात बसला. "तीन महिने झाले. डेपोत फोन करतात. दोन हप्ते भरले मी."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "ते तू भरलेस? मला वाटलं, त्यांच्याच हिशेबात चूक झाली. मी कोणाला विचारलंसुद्धा नाही, चूक त्यांच्या ध्यानात येईल म्हणून."

"छपराचे पत्रे बदलायला पैसे ठेवले होते, त्यातले दिले."

"वहिनीला माहीत आहे?"

"नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस?"

 मित्रांनो, इतके दिवस मला वाटत होते की या वखारीमागे अडकून पडलेली मी एकटीच. प्रत्यक्षात बहीण भावापासून लपत होती, भाऊ बहिणीपासून आणि बायकोपासून, आणि त्या तिघांमध्ये एक कोरी सही होती.

"चल," शेवटी दादा उठला. "आधी तुझ्या वहिनीच्या शिव्या खाऊ. मग तुझ्या वकीलबाईंकडे जाऊ."

वहिनीने शिव्या दिल्या. पत्र्यांवरून दिल्या, न सांगण्यावरून त्याहून जास्त दिल्या. मी दारातच उभी असल्यामुळे मला सगळे ऐकू आले. पण दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्या सीटवर तीच आधी येऊन बसली.

वकीलबाईंनी कंपनीला पत्र लिहिले. आमची बाई नादारीचा अर्ज करायला तयार आहे आणि जामीनदाराकडेही गळक्या छपराच्या घराखेरीज काही नाही, असे त्यात होते. त्यापेक्षा गाडी परत घ्या, विका, उरलेल्या देण्याचा एक आकडा ठरवा आणि त्यावरचे व्याज थांबवा. कंपनीने साफ नकार दिला. दीड महिना गेला. ताईने अर्जावर सही केली, दादासमोर. तो अर्ज दाखल व्हायच्या आदल्या दिवशी कंपनीचे उत्तर आले. व्याज थांबेल, आकडा कमी होईल, तीस महिन्यांत फेडायचा. पण निम्मे फिटेपर्यंत जामिनातून दादाचे नाव निघणार नाही.

"हे घ्यायचं की अर्ज दाखल करायचा?" ताईने त्यालाच विचारले.

"तीस मोजता येतात मला," दादा म्हणाला. "घे."

मी परत जायच्या दिवशी तिने मला आतून-बाहेरून धुतले. तिने प्रयोगशाळेला सांगून घराजवळची, पायी करता येण्याजोगी घरे मागून घेतली होती. मिळकत आता आणखी कमी होणार होती. चौथ्या मजल्यावरचे मास्तर त्या घरांत नव्हते. तिने त्यांना जाऊन तसे सांगितले, तेव्हा ते खाली उतरून रस्त्यापर्यंत तिला सोडायला आले. जिने उतरायला त्यांना बराच वेळ लागला.

या आवारात कारकुनाने माझे ओरखडे मोजले आणि दोन्ही किल्ल्या घेतल्या. "आत काही राहिलंय?" त्याने विचारले. सीटखालून मुलीच्या केसांची एक पिन, थोडा कापूस आणि एक छत्री निघाली. ताईने ते पिशवीत भरले आणि माझे दार हलकेच लावले. फाटकापाशी दादाने हात पुढे केला.

"दे इकडे."

"जड नाहीये रे."

"मग तर दे."

पिशवी त्याच्याकडे देऊन ती मोकळ्या हातांनी रस्ता ओलांडून गेली. तिने मागे वळून पाहिले नाही याचे मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्या दिवशी तिला पाऊल वाजवत चालताना मी कितीतरी महिन्यांनी ऐकले.

मित्रांनो, मोटारीची निगा कशी राखावी हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातले कोणी फोन उलटा ठेवू लागले, विचारलेल्याला भलतेच उत्तर देऊ लागले, तर रागावू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. काय झाले म्हणून विचारा आणि पहिल्यांदा तो "काही नाही" म्हणाला, तरी उठू नका.