पुंजाराम भगताचे नारळ

नागपंचमीला पुंजाराम भगताच्या ओट्यावर नारळांची रास पडली होती. अकोल्याच्या त्या डोंगरगावात साप चावला म्हणत नसत, पान लागलं म्हणत. वर्षभरात ज्याचं ज्याचं पान भगताच्या मंत्रानं उतरलं, तो नारळ घेऊन आला होता.

"आता तरी पटलं का, पाव्हनं?" सहादेवानं मेव्हण्याला डिवचलं.

मेव्हणा राधाकृष्ण पुण्याला विद्यापीठात संख्याशास्त्राचा प्राध्यापक होता.

"दाजी, हे वाचलेल्यांचे नारळ. मेलेल्यांचे कुठायत?"

"मेलेली मानसं नारळ आन्त्यात व्हय?"

ओट्यावर हशा पिकला. राधाकृष्णाला काही हसू आलं नाही.

इतक्यात पान लागलेला एक गडी आला. भगतानं त्याची पापणी वर करून पाहिली, कडुलिंबाचा पाला चावायला दिला; विष चढलं की तो गोड लागतो, असं गावात मानत. "कडू!" गडी ओरडला. मग काय, धूप पेटला, मंत्र गरजले, आणि गडी चहा पिऊन घरी गेला.

पाठोपाठ बायांनी चांगुणाला धरून आणलं. चांगुणा म्हणजे सहादेवाची बायको, राधाकृष्णाची पाठची बहीण. सरपणात हात घालताना तिला पान लागलं होतं. भगतानं तिचीही पापणी वर केली. ती पुन्हा मिटली. पाला तोंडात कोंबला, तर तिला बोलताच येईना.

"पाला ग्वाड लागतुया तिला," भगत म्हणाला. "लई उशीर केला. देवाचा कौल न्हाई. घरी न्या."

सहादेव मटकन खाली बसला. राधाकृष्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कसला कौल? हा लुच्चा पापणी बघून माणसं निवडतो! विष चढलेलं दिसलं की परत पाठवतो. बिनविषारी साप चावलेलेच ठेवून घेतो. ते मंत्राशिवायही जगलेच असते! दाजी, उठा, जीप बघा!"

सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी चांगुणानं डोळे उघडले. "दादा," एवढंच म्हणाली.

सहादेव मात्र भिंतीला टेकून रडत होता.

"माज्या आईलाबी त्यानं असंच घरी धाडलं हुतं. आमी तिला तुळशीपाशी निजवलं आन् बघत बसलो. दवाखाना कुनाच्या मनातबी आला न्हाई."

राधाकृष्णाचा राग अजून धुमसत होता.

"मग हेच गावात सांगा, दाजी. पान लागलं की भगत नाही, दवाखाना. पुढच्या पंचमीला त्याच ओट्यावर उभे राहून आईचं नाव घ्या. मेलेल्यांना बोलता येत नाही. तुम्हाला येतं."