प्रामाणिक डबा

ताईच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा आमच्या भाऊजींना मनापासून वाईट वाटलं. आई पडल्याचा आवाज नेमका कसा आला, हे त्यांनी दवाखान्यात आम्हाला बारकाईने ऐकवलं. आधी एक बोदा धप्प, मग बादलीचा लांबलेला स्वर. भाऊजींना आवाजातलं कळतं. आणखी कशातलं कळतं, याचा पुरावा अजून पुढे आलेला नाही.

ऑपरेशन नीट झालं. शनिवारी घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले. पायरी चढायची नाही, खोलीला लागून संडास-बाथरूम हवं आणि वॉकर फिरवायला मोकळी जमीन हवी. अशी खोली ताईच्या घरात एकच. झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, आणि खालच्या त्या एकमेव खोलीत भाऊजींचा संच राहतो.

संच म्हणजे गाणी ऐकायचं यंत्र, असं तुम्ही समजाल. ते यंत्रांचं एकत्र कुटुंब आहे. एक जण रेकॉर्ड फिरवतो. सुईतून आलेला आवाज दुसरा जरा मोठा करतो आणि तिसऱ्याकडे सोपवतो. डाव्या स्पीकरला एक ॲम्प्लिफायर आणि उजव्याला वेगळा, कारण दोघांचं एकाच चुलीवर केलं तर आवाज एकमेकांत मिसळतो म्हणे. एका डब्याचं काम तर एवढंच, की शेजारच्या डब्याला वीज द्यायची. सगळ्यांच्या वायरी जमिनीला शिवू नयेत म्हणून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या. खिडकीवर गोधडीएवढे जाड पडदे. आणि मधोमध एक खुर्ची, कारण आवाज तिथेच बरोबर येतो. घरातल्या दुसऱ्या माणसाने कुठे बसायचं, हा प्रश्न संच जमवताना कोणाला सुचला नव्हता.

भाऊजी विमा कंपनीत दावे तपासतात. कोणाचं दुकान जळालं, कोणाचा माल भिजला, की राखेचा फोटो हातात धरून ते शांतपणे म्हणतात, यावरून काही सिद्ध होत नाही. हाच माणूस, नव्या वायरींना आठवडाभर आराम दिला की आवाज मोकळा होतो, हे मित्राच्या शब्दावर मान्य करून बसला होता. त्या आठवड्यात घरात कोणी मोठ्याने बोलायचं नव्हतं.

"खोली शनिवारच्या आत रिकामी हवी," ताई म्हणाली.

"हवीच. माझी आई आहे ती."

"मग उचला."

"उचलतोच आहे. हे सगळं काढून टाकायचं आणि एक जुना रिसिव्हर लावायचा. जेवणाच्या खोलीतल्या कपाटावर मावेल."

रिसिव्हर म्हणजे रेडिओ, ॲम्प्लिफायर, बटणं, सगळं एकाच पेटीत घातलेलं जुन्या काळचं धूड. पुढून चकचकीत पत्रा, बाजूला लाकूड, वजन तान्ह्या रेडकाइतकं. हा डबा भाऊजींनी एका बंद पडलेल्या क्लबच्या अडगळीत केव्हाच हेरून ठेवला होता. घरात आणायला निमित्त तेवढं मिळत नव्हतं. आईंनी ते पुरवलं.

"फक्त मंडळाने एकदा ऐकायला हवं," भाऊजी म्हणाले. "डबा त्यांच्या कानाला पटला, तर खोली रिकामी."

"आणि नाही पटला तर?"

भाऊजी मंडळाला फोन लावायला उठले.

मंडळ म्हणजे भाऊजी धरून तिघे. एक दातांचे डॉक्टर, दिवसभर ड्रिलच्या किंचाळण्यात उभे राहून संध्याकाळी आवाजातल्या मखमलीवर बोलणारे. दुसरा घरं विकणारा दलाल. त्याला सगळे सोनकान म्हणतात आणि तो ते थट्टेवारी नेत नाही. मंडळाची एक रीत आहे. दोन यंत्रांची तुलना करायची तर ती चादरीआड ठेवायची. एका तिऱ्हाइताने वायरी बदलायच्या आणि तोंडाने फक्त "पहिला" आणि "दुसरा" एवढंच म्हणायचं. या कामाला ज्याला काही कळत नाही असा माणूस लागतो. भाऊजींनी क्षणाचाही विचार न करता माझं नाव सुचवलं.

ताईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "हे बघ, तू आत काय करायचं ते कर. डबा जिंकला पाहिजे. नाहीतर हे आईंना जिन्याखाली झोपवतील."

"पण ती लबाडी होईल."

"तुला नोकरीत कधी जमली नाही, निदान इथे जमव."

मी थोडं वाचलं होतं. आवाज किंचित मोठा असला की माणसाला तो जास्त चांगला वाटतो, मग कान सोन्याचे असोत की पितळेचे. गुरुवारी संध्याकाळी मंडळ जमलं. चादरीआड बसून मी डब्याचं बटण केसभर पुढे सरकवलं. आधी डबा लावला. "पहिला," मी म्हणालो. नंतर वायरी काढून संचाला जोडल्या. "दुसरा."

पहिल्याच्या वेळी डॉक्टरांचा पाय ताल धरत होता. चादरीच्या फटीतून मला दिसत होतं. सोनकान चक्क हसला. भाऊजींनी डोळे मिटून मान डोलावली. मी मनातल्या मनात आईंची गादी अंथरून मोकळा झालो.

"दुसरा," डॉक्टर म्हणाले. "प्रश्नच नाही."

"दुसराच," सोनकान म्हणाला. "पहिला लाडीगोडी लावतोय. ऐकताना मला मजा आली. तिथेच मला शंका आली."

"मलाही आवडला," भाऊजी खेदाने म्हणाले. "इतकं चटकन आवडतं म्हणजे काहीतरी रंग फासलेला असणार."

या लोकांनी उभी हयात कान तयार करण्यात घालवली होती, आणि तयार झाल्यावर त्यांचा एकाही कानावर विश्वास उरला नव्हता. जे गोड लागतं ते खोटं, हा त्यांचा पहिला धडा. मी डबा गोड करून त्याचा गळा कापला होता.

ताई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी तिचा पतंग मी झाडात अडकवला, तेव्हा असंच पाहिलं होतं.

"एकदा ऐकून निकाल लावता?" ती मंडळाला म्हणाली. "दात पण एकदाच बघून उपटता का, डॉक्टर?"

डॉक्टरांना हे शास्त्रीय वाटलं. शुक्रवारी फेरतपासणी ठरली.

या खेपेला मी डब्याचा आवाज संचापेक्षा कमी ठेवला. बारीक स्वरांचं बटण मागे फिरवलं, जाड स्वरांचं त्याहून मागे. गाणारी बाई पडसं झाल्यासारखी, पाण्याच्या टाकीत बसून गाऊ लागली. माझा स्वतःचाच जीव कासावीस झाला. संचाचा क्रमांक आला तेव्हा खिडकी उघडल्यासारखं वाटलं, आणि मला भीती वाटली की आता हे ऐकतील. त्यांनी ऐकलं नाही.

"पहिला," डॉक्टर म्हणाले. "काहीच देत नाही. किती संयम आहे."

"कंटाळा आला," सोनकान समाधानाने म्हणाला. "सलग कंटाळा आला. हा माणूस खरं बोलतोय."

"प्रामाणिक," भाऊजी म्हणाले. "उगाच नाही जुन्या लोकांनी सगळं एका पेटीत ठेवलं."

चादर बाजूला झाली. तिघांनी डब्याला न्याहाळलं, जणू तो आत्ताच परदेशातून शिकून आला होता. डॉक्टरांनी वाकून त्याचं लाकूड थोपटलं. सुट्या यंत्रांचा जमाना गेला, असं मंडळाने एकमताने ठरवलं. आदल्या दिवशी ते उलट ठरलं होतं, याची आठवण मी करून दिली नाही. खोली मिळत होती.

"उद्या सकाळी सगळी यंत्रं बाहेर काढतो," भाऊजी ताईला म्हणाले. त्यांनी शब्द पाळला, हे नमूद केलं पाहिजे.

शनिवारी ताई आणि मी दवाखान्यात गेलो. सासूबाई चिडलेल्या होत्या. चहा पाणचट, नर्स उद्धट आणि शेजारच्या खाटेवरची बाई रडकी, असा त्यांचा एकंदर अभिप्राय. ॲम्ब्युलन्समध्ये त्या वाटभर ड्रायव्हरला गाडी कशी चालवायची ते सांगत होत्या.

घरी पोचलो, तर जेवणाची खोली संचाने भरलेली. टेबलावर ॲम्प्लिफायर, खुर्च्यांवर ॲम्प्लिफायर, कपाटावर विजेचा डबा. सासूबाईंसाठी आणलेला पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला. आणि खालच्या खोलीचं दार लोटलेलं, आतून गाणं चालू.

भाऊजी पाय न वाजवता बाहेर आले.

"यंत्रं काढली," ते कुजबुजले.

"आणि आत काय आहे?" ताई म्हणाली.

"रिसिव्हर. सोबतीला स्पीकर आणि रेकॉर्डचं यंत्र तेवढं. अगं, इतकी प्रामाणिक वस्तू कपाटावर कशी ठेवायची? त्याच्याशी न्याय व्हायला त्याच्या तोलाची खोली नको का? असं मंडळाचं म्हणणं पडलं. आईची सोय इथेच करू, टेबलाच्या बाजूला. ॲम्प्लिफायर गरम असतात, खुब्याला शेकही मिळेल."

स्ट्रेचर धरलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोळ अरुंद होता. त्यांना मागेही जाता येईना.

"कोण आहे माझ्या वाटेत?" सासूबाई आडव्या पडल्या पडल्या म्हणाल्या.

मी दार ढकललं. खुर्चीत डॉक्टर, जमिनीवर सोनकान, दोघांचे डोळे मिटलेले. चाहूल लागताच डॉक्टरांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांबा.

"बाजू संपतच आली आहे," भाऊजी म्हणाले. "मधेच तोडलं, तर त्यांचा सगळा अंदाज जाईल."

माणसाची आई स्ट्रेचरवर बोळात थांबली होती आणि माणूस रेकॉर्डची बाजू संपायची वाट पाहत होता. मला त्याही क्षणी वाटलं की ताई रडेल, ओरडेल, निदान माझ्यावर तरी. तिने पदर खोचला, आत गेली आणि सुईचा दांडा हाताने उचलला. उचलला म्हणण्यापेक्षा ओढला. रेकॉर्डवरून असा काही ओरखडा गेला की स्ट्रेचरवाल्याचे दात आंबले.

सोनकानाचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"ओरखडासुद्धा लपवला नाही त्याने," तो म्हणाला.

"उठा," ताई म्हणाली. "आधी हे धूड उचला, मग तुम्ही."

"गरम आहे गं," भाऊजी म्हणाले.

"मग फडकं घ्या."

भाऊजींनी खरंच फडकं घेतलं. डबा छातीशी धरून ते बोळात आले. जेवणाच्या खोलीत ठेवायला इंचभर जागा नव्हती, ती त्यांनी स्वतःच भरून टाकली होती. स्ट्रेचर पुढे जाईना, डबा मागे येईना. शेवटी सासूबाईंनी मुलाला सरक म्हटलं आणि तो सरकत सरकत दाराबाहेर अंगणात गेला. पलंग आत गेला. सासूबाई पलंगावर गेल्या. ताईने ते पडदे काढून फरशीवर टाकले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या की ऊन डोळ्यांवर येतंय, तुला कधी काही नीट करता आलं आहे का. ताईने एक पडदा परत लावला.

मी अंगणात आलो. भाऊजी उन्हात उभे होते, पण डबा खाली मातीत ठेवायला ते तयार नव्हते. मंडळ त्यांच्या दोन्ही बाजूंना होतं. आईची विचारपूस कोणी केली नाही. पुढच्या बैठकीचं काय, यावर गंभीर चर्चा चालली होती.

"माझ्याकडे एक खोली आहे," डॉक्टर म्हणाले. "चौकोनी आहे, शांत आहे, भिंती जाड आहेत. सध्या सासरे असतात तिथे."