पावलं दिसतील एवढंच शटर

मी शटर बोलतोय. मोहाडीच्या बाजारात टेकचंदभाऊंचं कापडदुकान आहे ना, त्याचं. सकाळी वर, संध्याकाळी खाली आणि दुपारी जेवणाच्या वेळी गुडघ्याएवढं उघडं, असं माझं आयुष्य. त्या फटीतून दिसणाऱ्या चपलांवरून भाऊ गिऱ्हाईक ओळखतात. "या शकुनबाई! चप्पल नवी दिसते, लेकीचं जमलं वाटते!" बाई लाजत वाकून आत येणार.

सहा वर्षांपूर्वी हेमराज वडिलांसाठी कफन घ्यायला आला. बाजाराचा दिवस, ही गर्दी. घाईत भाऊंनी कापड वीतभर कमी फाडलं. म्हाताऱ्याची पावलं उघडीच गेली. हेमराज भांडला नाही, फक्त पुन्हा कधी दुकानात आला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

तो सल भाऊंनी कथेत उतरवला. मेलेला माणूस राहिलेलं कापड मागायला दुकानात येतो, अशी भयकथा. दिवाळी अंकात छापून आली. त्यात चार पानं नुसते भुताचे सुळे. भाऊंची बायको, शोभावहिनी म्हणाल्या, "एवढे दात! कथा दाताच्या डॉक्टरले पाठवायची होती."

यंदा भाची मनालीने त्या कथेची फिल्म करायला घेतली आणि भूतच काढून टाकलं. भाऊ उसळले.

"भूत नाही तं लोकं भेतीन कायले?"

"मामाजी, तुम्ही गिऱ्हाइकाले सगळ्यात भारी लुगडं पहिलंच दाखवता का?"

धंद्यातली गोष्ट, भाऊंना लगेच पटली.

आता भुताची फक्त पावलं दिसणार होती; ते काम शेजारच्या श्यामराव विणकरांना मिळालं. भर दुपारी अनवाणी उभे राहून ते ओरडत, "पोरी, भुताचे पाय भाजून राहिले वं!"

आज मनाली तयार फिल्म घेऊन आली. गल्ल्यावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर मीच, जमिनीपासून हातभर वर. पलीकडून सायकली जातात, बकरी जाते, चपला जातात. मग बराच वेळ कोणीच नाही. मग दोन अनवाणी पावलं येऊन थांबतात. वरचं पांढरं कापड घोट्यापर्यंतही पोचत नाही.

"काय पाहिजे?" आतला दुकानदार विचारतो.

पावलं हलत नाहीत. दुकानदाराचा हात माझ्या कडीकडे येतो. मी चार बोटं वर सरकतो आणि थांबतो. रोज धडाधडा वर जाणारा मी, त्या चार बोटांनी घाबरलो! चार पानांच्या सुळ्यांना जमलं नव्हतं, ते या पोरीने नुसतं थांबवून साधलं. वहिनींनी तर पदर तोंडात धरला.

भाऊंना मात्र भूत दिसलं नाही. त्यांना हेमराजचे वडील दिसले.

"बंद कर," ते हळूच म्हणाले. "लई चांगली केली, मनाली. भुताचे दात लिहून त्याच्यामागं मीच लपलो होतो. तुनं मले बाहेर काढलं."

ते उठले. सगळ्यांना बाहेर घेऊन मला खाली ओढू लागले.

"काहून जी? बाजाराचा दिवस आहे!" वहिनी म्हणाल्या.

"हेमराजकडं जाऊन येतो."

तर गिऱ्हाईकहो, बाजाराच्या दिवशी भरदुपारी मी पहिल्यांदाच पुरता बंद आहे. हेमराज दार उघडेल की तोंडावर लावेल, मला ठाऊक नाही. तुम्ही कापडाला आला असाल तर रागावू नका. शेजारच्या दुकानात पाहा, माल तिथलाही वाईट नाही. फक्त फोन करून भाऊंना परत बोलावू नका.