न्यायाधीश मागच्या सीटवर

त्या घरात कोणतीही मोठी वस्तू सरळ वाटेने आलेली नव्हती. ज्याला ती हवी असेल त्याने तिचे दोष सांगायचे आणि ज्याला नको असेल त्याने तिचे गुण, हा आईचा दंडक होता. दोघांचे ऐकून निकाल आई देणार. आईने सारी नोकरी काचेच्या कारखान्यात तपासनीस म्हणून केली होती. पट्ट्यावरून सरकत येणारी बरणी उचलायची, उजेडासमोर धरायची आणि तडा शोधायचा. तिथेच तिला हे शहाणपण सापडले होते. "ज्याचं मन बसलंय ना, त्यालाच तडा दिसतो," ती म्हणे. "बाकीच्यांना नुसती काच दिसते." याच रीतीने कपाट आले, शिलाई मशीन आले, वहिनीसुद्धा याच रीतीने आली. लग्नाआधी दादाला तिचे दोष सांगावे लागले होते आणि ते ऐकायला ती स्वतः दाराआड उभी होती. 'ती काही विसरत नाही' हा त्यांतला एक दोष पुढे रोज सिद्ध होत राहिला.

या खेपेस पाळी धाकटीची होती.

धाकटी पियानो जुळवत असे. हत्यारांची जड पिशवी खांद्याला अडकवून ती शाळांत, सभागृहांत, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत जाई आणि वर्षानुवर्षे न बोललेल्या तारांना पुन्हा बोलते करी. आता टेकडीपलीकडच्या शाळांनी तिला वर्षभराचे काम देऊ केले होते. तिकडे बस जात नव्हती. सोमवारी उत्तर द्यायचे होते आणि गाडी नसेल तर ते उत्तर 'नाही' एवढेच असणार होते.

घरात गाडी नव्हती असे नाही. बाबांच्या मागे राहिलेली 'हत्तीण' होती: लांबरुंद, गडद निळी, गल्लीत वळताना दोन्ही बाजूंच्या भिंतींची क्षमा मागत जाणारी. अलीकडे ती धावण्यापेक्षा उभीच अधिक असे. शोरूमवाले तिला बदल्यात घ्यायला तयार होते आणि ती दिल्याशिवाय नवी गाडी परवडणार नव्हती. दादाला मात्र हत्तीण दुरुस्त करायची होती. "तिच्यात आपण सगळे मावतो," एवढेच तो म्हणे. त्या 'सगळे'मध्ये तो अजून बाबांनाही धरत असतो, हे धाकटीला ठाऊक होते.

रविवारी सकाळी शोरूमचा माणूस गाडी दाराशी आणून ठेवून गेला. "दुपारपर्यंत फिरवा, मनसोक्त फिरवा," म्हणाला. कोवळ्या लिंबाच्या रंगाची ती छोटी गाडी हत्तीणीशेजारी अशी उभी होती, जणू एखाद्या दीर्घ, उदास कवितेखाली कुणी गमतीने पिवळे टिंब देऊन ठेवले आहे.

दादाने तिला एक प्रदक्षिणा घातली. ती फार लवकर संपली.

"गाडी कुठाय? ही तर किल्ल्या ठेवायची पेटी दिसतेय."

"टोमणा म्हणजे दोष," आई काठी टेकत पायऱ्या उतरत म्हणाली. "तुझ्याकडे गुण आहेत. बाद."

"आई, निदान सुरुवात तरी होऊ दे!"

"झाली. मी मागे बसणार. सगळ्यांत वाईट जागेवरून गाडी खरी दिसते."

धाकटी चालवायला बसली आणि आई तिच्या मागच्या सीटवर कशीबशी शिरली. दादा पुढे बसला, आणि हत्तीणीतल्या सवयीने त्याने एका हाताने दारावरची मूठ घट्ट धरली.

दादा फर्निचरच्या दुकानात होता. गुण सांगण्यावरच त्याचे पोट होते. पण आज ती जीभ कडू काढा पाजल्यासारखी जड झाली होती.

"स्टिअरिंग हलकं आहे," तो म्हणाला.

"पुढे?" मागून आवाज आला.

"पुढची काच मोठी आहे. रस्ता दिसतो."

"रस्ता दिसलाच पाहिजे रे. तो गुण नव्हे, अपेक्षा आहे."

धाकटीला हसू आवरेना. तिची पाळी आली तेव्हा मात्र ते ओठांवरच विझले. मन बसलेल्या वस्तूचे वाईट मोठ्याने बोलायचे म्हणजे स्वतःच्याच आवाजाला परके व्हायचे. "दार लावलं की डब्याचं झाकण लावल्यासारखं वाजतं," ती म्हणाली. "पत्रा पातळ आहे. सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरतं. तीनच सिलिंडर आहेत. मैफलीत चौथा यायचा राहिलाय आणि बाकीचे त्याची वाट बघत वाजवतायत, असं वाटतं."

"कविता नको," आई म्हणाली. "थरथरतं. पुढे?"

बाजाराच्या गल्लीत एक ट्रक आडवा उभा होता आणि त्यातून सामान उतरत होते. धाकटीने चाक फिरवले. गाडी एका दमात मागे वळली, स्वतःभोवती गिरकी घेणाऱ्या लहान मुलीसारखी. दादाचा हात मुठीवरून आपोआप खाली आला.

"वळली की गं! एकदम वळली!" तो ओरडला. "हत्तीणीला इथं चारदा मागंपुढं करायला लागलं असतं, आणि शेवटी खाली उतरून त्या भाजीवाल्याची माफी मागायला लागली असती."

"हा गुण धरला," आई म्हणाली.

एकदा कुलूप निघाल्यावर दादाची जीभ सुटली. गर्दीत गिअर बदलताना हाताला कष्ट नाहीत. दोन मोटारींमधल्या ज्या फटीकडे आजवर नुसते उसासे टाकत पाहायचे, तिथे ही सुखाने उभी राहते. एवढी फिरून आली तरी पेट्रोलचा काटा जागचा हललेला नाही. तो दुकानात बोलतो तसा बोलू लागला आणि स्वतःचेच ऐकून चपापू लागला.

धाकटीही मागे राहिली नाही. मोठ्या रस्त्यावर वेग वाढला तशी ती ओरडून म्हणाली, "वाऱ्याचा आवाज फार आत येतो! बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं!"

"आपण तसंही ओरडूनच बोलतो!" दादा ओरडला.

"आणि मागून टकटक येतेय! आईच्या शेजारच्या बाजूनं!"

"मला नाही ऐकू येत!" आई मागून ओरडली.

"तुला दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही!"

टेकडीचा चढ लागला. एसी चालू असताना गाडी धापा टाकू लागली. धाकटीने दुसरा गिअर टाकला, मग एसी बंद केला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. "चढावर इंजिन आणि एसी सवतींसारखे वागतात," धाकटीने सांगून टाकले. "डिकीत माझी पिशवी मावते, तिच्याशेजारी छत्री मावणार नाही. मागच्या काचा अर्ध्याच उतरतात." एक एक दोष ती बोलत गेली आणि एक विलक्षण गोष्ट घडत गेली: नाव दिलेला प्रत्येक दोष तिच्या ओळखीचा होत होता, आणि ओळखीच्या माणसाचा राग येत नाही तसा तिला त्याचा राग येत नव्हता. माथ्यावर पोचेपर्यंत ही गाडी तिला इतकी हवीशी झाली होती की छातीत दुखावे.

माथ्यावर शाळा होती. बंद फाटकाआड लांब इमारत उन्हात पडली होती. तिच्यातल्या कुठल्याशा खोलीत झाकण मिटून एक पियानो वाट पाहत असणार, हे धाकटीला न पाहताही दिसत होते. समोरच्या टपरीवर चहा होता.

"चल आई," दादा उतरत म्हणाला.

"तुम्ही घ्या. मी इथंच बरी. वारा छान येतोय."

दादा टपरीकडे गेला. धाकटी चावी काढता काढता थबकली. आरशात तिला आई दिसत होती. आईने दार उघडले होते. पुढच्या सीटची पाठ आणि तिचे ऑपरेशन झालेले गुडघे यांच्यामध्ये बोटभरही जागा नव्हती. तिने काठी बाहेर टेकली, पाय सोडवायचा प्रयत्न केला, तो अडकला. धरायला काहीच नव्हते. मग तिने दार हळूच ओढून घेतले, चष्मा नीट केला आणि ती समोरच्या देखाव्याकडे अशा कौतुकाने पाहू लागली, जणू तो पाहण्यासाठीच ती जन्माला आली होती.

धाकटीला सगळे एका क्षणात कळले. आई निकाल देणार होती, आणि तिने तो कधीचाच देऊन टाकला होता. आता फक्त गप्प बसायचे होते. दादा पाठमोरा होता. कपात फुंकर घालत स्वतःशीच गुणांची उजळणी करत होता. सोमवारचे उत्तर 'हो' असे द्यायला एका मौनाएवढेच अंतर उरले होते.

ती उतरली, टपरीपर्यंत गेली, आणि तिथून तिला मागेही जाता येईना, पुढेही जाता येईना.

"दादा, एक दोष राहिला."

"अजून? तू गाडी घेतेयस की भंगारात काढतेयस?"

"आईला हिच्यात मागे बसता येत नाही. बसली ती कशीबशी, पण उतरता येत नाहीये. वारा-बिरा काही खात नाहीये ती. अडकलीय."

दादा कप ठेवून तरातरा गाडीकडे आला. "आई, उतर बघू."

"काहीतरीच काय! मजेत आहे मी."

"मग उतरून दाखव."

"न्यायाधीशाला हुकूम सोडतोस?"

"आई."

आईने काठीची मूठ चाचपली. "पायाला मुंग्या आल्यात थोड्या," ती म्हणाली.

"म्हणजे तू तडा झाकलास!" दादाचे डोळे विस्फारले. "जन्मभर काच तपासलीस, आमची हाडं या नियमाखाली मोडलीस, आणि तडा झाकलास! आपला तो बाब्या काय?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीत निळी बरणी आहे ना," आई हळू आवाजात म्हणाली, "तिच्या बुडाला तडा आहे. कारखान्यात ती फोडायच्या ढिगात जायची होती. मी विचारून घरी आणली. रंग फार सुंदर होता रे."

ती बरणी लहानपणापासून त्यांच्या सकाळी निळ्या करत आली होती. तिच्यात पाणी का ठेवत नाहीत, हे दोघांनीही कधी विचारले नव्हते.

"न्यायाधीश पक्षपाती," अखेर दादा म्हणाला. "खटला रद्द."

धाकटीने मान हलवली. शाळेकडे पाहायचे तिने टाळले.

दादाने वाकून आईच्या दोन्ही काखांत हात घातले, धाकटीने पाय सोडवला, आणि बाटलीचे बूच निघावे तशी आई बाहेर आली. तिघेही हसू लागले. मग दादाने पुढचे दार उघडले. ते चांगले ऐसपैस उघडले. "इथं बस पाहू. आधी आडवी बस, मग दोन्ही पाय एकदम आत घे. हां. आता ऊठ."

आई उठली. काठीला हातही न लावता.

"पुन्हा बस. पुन्हा ऊठ."

"कवायत घेतोयस का रे माझी?"

दादा सीटची उंची न्याहाळत उभा होता, दुकानात खुर्ची न्याहाळतो तसा. "सीट गुडघ्यापेक्षा जराशी उंच आहे," तो म्हणाला. "अशी असली की उठताना कुणाला विनवावं लागत नाही. हत्तीणीची सीट खोल आहे. तिच्यातून निघताना तू माझ्या मानेला लोंबकळतेस. मी हे रोज गिऱ्हाइकांना सांगतो, आणि घरात... काखेत कळसा!"

"हा गुण सांगतोयस?" धाकटीने जपून विचारले.

"गुणच आहे. आणि मी तो मनापासून सांगतोय, हीच पंचाईत आहे." त्याने नाक खाजवले. "देऊन टाका हत्तीण. फक्त तिच्या गिअरची मूठ मी काढून घेणार. बाबांच्या हातानं गुळगुळीत झालीय ती."

परतताना आई पुढे बसली आणि दादा तिच्या मागे, गुडघे हनुवटीशी घेऊन, पट्टा बांधून. उतारावर धाकटीने कान टवकारले. "टकटक थांबली."

"कसली टकटक?"

"पट्ट्याचं टोक दारावर आपटत होतं. तू बसलास, आणि थांबलं."

"म्हणजे मी या गाडीचा सुटा भाग आहे तर!"

"जागेवर बसवलेला," आई म्हणाली.

शोरूमचा माणूस दारातच उभा होता. "काय, कशी वाटली?"

"पत्रा पातळ, इंजिन थरथरतं, चढावर दमते, मागे जागा नाही," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा दिव्यासारखा फुलला होता.

"जागच्या जागी वळते, कुठंही मावते, पेट्रोल पीत नाही, आणि सीट लाखात एक!" मागून घडी उलगडत, गुडघे चोळत बाहेर पडणारा दादा म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पडेल होता.

त्या माणसाने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "म्हणजे... घ्यायची की नाही?"

आई आपली आपण उतरली. तिने लिंबाच्या रंगाच्या टपावर हात ठेवला, क्षणभर गाडी उजेडात धरल्यासारखी डोळे बारीक करून पाहिली.

"तडा आहे," ती म्हणाली. "घरी नेऊ."

"तडा? कुठंय तडा?" तो बिचारा घाबरून गाडीभोवती वाकून वाकून काचा तपासू लागला. तिघेही त्याला मदत करायला सरसावले नाहीत.