धुराच्या पाण्याची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे आणि बसून बसून थकले आहे. हसू नका. बसणं हेच माझं काम.

गोठ्यामागच्या भट्टीत लाकडाच्या साली कोंडून जाळत. धूर लांब नळीतून जाता जाता गार व्हायचा आणि त्याचं तांबूस पाणी थेंब थेंब माझ्यात पडायचं. शेळ्या पाळणारी आक्का त्यात भरपूर साधं पाणी घालून गोठा धुवायची, शेळ्यांचे खूर पुसायची. खूर सडायचे कमी झाले तशी शेजारीपाजारी तिची वाहवा झाली. माझं नाव कुणी काढलं नाही. चालायचंच.

तिचा नेम एकच, मी भरले की तीन महिने मला हात लावायचा नाही. तेवढ्यात धुरातलं काळं डांबर तळाशी बसतं. माझ्या पोटाला दोन बुचं आहेत. मधल्यातून निवळ पाणी घ्यायचं, खालच्यातून डांबर काढून टाकायचं.

एकदा आक्का डोळ्याच्या ऑपरेशनला गेली आणि गोठा भाचीच्या गळ्यात पडला. पोरगी कष्टाळू, पण भारी उतावळी. तेवढ्यात बांडी नावाची गाभण शेळी लंगडू लागली. मला भरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. भाचीने मला गदागदा हलवलं, औषध कडक हवं म्हणून खालचंच बूच काढलं आणि ते काळं पाणी तसंच खुरांना चोपडलं. माझं तोंड एवढं मोठं, पण बोलता कुठे येतं?

दुसऱ्या दिवशी बांडीची कातडी भाजल्यासारखी सोलली. ती उठेना. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, विण्याआधी उभी राहिली नाही तर आई आणि पिल्लं, कुणाचीच खात्री नाही.

आक्का डोळ्याला पट्टी बांधून परतली. तिने भाचीच्या हातांचा वास घेतला आणि काय ते समजली. भाचीला रडू आवरेना.

"रडून काय होणार?" आक्का म्हणाली. "तळातलं वर आणलंस. आता ते खाली बसेपर्यंत तूही बस इथे."

भाची बसली. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे जखमा धूत, दिवसातून चार वेळा बांडीला पोटाखाली हात घालून उभं करत. सतराव्या दिवशी बांडी आपणहून उठली आणि त्याच आठवड्यात व्याली. एक पिल्लू जगलं, एक गेलं. गेलेल्या पिल्लाला भाचीने माझ्याशेजारीच पुरलं. त्यानंतर मी भरल्यापासून तीन महिन्यांच्या आत मला कुणी शिवलेलं तिला कधीच खपलं नाही.

आज आक्का नाही. भाचीचे केस पिकलेत, मला तडा गेलाय. नव्या माणसांना सगळं कालच हवं असतं. येता जाता मला ढोसून विचारतात, झालं का?

मित्रांनो, तुमच्याही घरात जळजळीत ते सगळं पोटात धरून मुकाट बसलेलं कुणीतरी असेल. वरचं निवळ तुम्हाला मिळतं ते त्याच्यामुळे. दमलंय हो ते. त्याला हलवू नका.